मोसंबीला जंबेरी कशी लागली?

समजा, विचुंब्यातील एखाद्या परसात मोसंबीचे कलम लावले आहे. पाण्याच्या ताणाने उन्हाळ्यात ते वरून वाळले. पावसाळ्यात बुंध्यातून जोमदार, काटेरी फुटवा आला. पुढे त्याला फळे धरली. पण ती खडबडीत सालीची आणि आंबट! मोसंबीची जात बदलली काय?

नाही. कलमात दोन झाडे एकत्र नांदतात. मुळे व खालचा खुंट जंबेरीचा; त्यावर मोसंबीचा डोळा भरलेला असतो. सांध्यापाशी दोघांच्या वाहिन्या जुळतात व पाणी आणि अन्न ये-जा करते. पेशींतील आनुवंशिक गुण मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या सुप्त डोळ्यांची वाढ रोखते. शेंडा मेला, की ते जागे होतात.

कोकणात हिम पडत नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडात मात्र डिसेंबर १८९४ व फेब्रुवारी १८९५ मधील कडाक्याच्या थंडीने संत्र्यांच्या बागा जमिनीपर्यंत मेल्या. मुळे जिवंत होती. अनेक बागायतदारांनी खुंटाच्या फुटव्यांवर पुन्हा डोळे भरले.

विद्यार्थी मित्रहो, कलमाच्या बुंध्यावर सुमारे वीतभर उंचीवर सांध्याची खूण शोधा. फुटवा तिच्या वर असेल, तर तो मोसंबीचा, जपा. खाली असेल, तर जंबेरीचा. कोवळा असतानाच हाताने मोडा. मात्र वरचा भाग पूर्ण मेला असेल, तर एक फुटवा राखा आणि माहितगाराकडून त्यावर मोसंबीचा डोळा भरून घ्या. जुनी मुळे पुन्हा कामी येतील.