हृदयविकार आणि समुद्रातील बुडी

सुट्टीत सातारा-सांगलीहून मालवण, तारकर्लीला जाणारी मंडळी हल्ली हौसेने स्कूबा डायव्हिंग करतात. ‘डॉक्टर, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, बुडी मारू का?’ असे रुग्ण मला विचारतात.

पाण्यात उतरताच पायांतील रक्त छातीकडे सरकते व हृदयावरील भार वाढतो. त्यात थंडी, भीती आणि पोहण्याचे श्रम. छातीत कळ आली तर जमिनीवर बसता येते, पाण्याखाली नाही.

चालताना छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर बुडी मारूच नये. अँजिओप्लास्टी वा बायपास झालेल्यांनी आणि बीपीच्या रुग्णांनी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. गरज वाटल्यास ते स्ट्रेस टेस्ट करतील. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. किनाऱ्यावर फॉर्म भरताना आजार लपवू नका. ते प्रश्न तुमच्या जिवासाठीच विचारलेले असतात.