छायाचित्राची छाटणी

छायाचित्र टिपले की काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तेच छायाचित्र ग्रंथाच्या पानावर, संगणकाच्या पडद्यावर किंवा पासपोर्टवर वापरावयाचे झाल्यास प्रत्येक ठिकाणी त्याची चौकट निराळी करावी लागते. चौकटीच्या कडेचा भाग वगळून उरलेला भाग ठेवण्याच्या या क्रियेला क्रॉपिंग किंवा छाटणी असे म्हणतात. ही क्रिया वरवर यांत्रिक वाटली, तरी तिला दोन अंगे आहेत : एक गणिताचे आणि दुसरे अर्थाचे.

प्रथम गणिताचा विचार करणे सोयीचे होईल. डिजिटल छायाचित्र पिक्सेल नावाच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. एखाद्या छायाचित्राची रुंदी ६,००० आणि उंची ४,००० पिक्सेल असेल, तर त्यात एकूण २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. रुंदी व उंची यांचे हे ३:२ गुणोत्तर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील ३६ × २४ मिलिमीटर चौकटीकडून आजच्या अनेक कॅमेऱ्यांकडे वारशाने आले आहे. मात्र उपयोगाची ठिकाणे हे गुणोत्तर पाळतातच असे नाही. चौरस चित्र हवे असल्यास ४,००० × ४,००० पिक्सेल उरतात, म्हणजे एकतृतीयांश भाग गळतो. १६:९ गुणोत्तराच्या रुंद पडद्यासाठी पूर्ण रुंदी राखली, तरी उंचीतील ६२५ ओळी सोडाव्या लागतात. अनेक देशांच्या पासपोर्टसाठी लागणारे ३५ × ४५ मिलिमीटरचे उभे चित्र याच आडव्या चौकटीतून काढावयाचे, तर जवळजवळ निम्मी रुंदी वगळणे भाग पडते.

छाटणीमुळे मुद्रणाचा आकारही मर्यादित होतो. चांगल्या छपाईसाठी दर इंचास ३०० पिक्सेल असावेत, असा संकेत आहे. त्या हिशेबाने वरील छायाचित्र २० इंच रुंद छापता येते. परंतु त्यातील केवळ मधला, निम्म्या रुंदीचा व निम्म्या उंचीचा भाग ठेवला, तर पिक्सेलांची संख्या एकचतुर्थांशावर येते आणि छपाईची रुंदी १० इंचांवर येऊन थांबते. त्याहून मोठे केल्यास चित्र धूसर दिसू लागते; कारण जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तो केवळ आकार वाढवून मिळत नाही. म्हणून जाणकार छायाचित्रकार विषयाभोवती थोडी मोकळी जागा राखूनच चित्र घेतात. व्यक्तीचे चित्र छाटताना कड मनगटावर किंवा गुडघ्यावर येऊ न देणे आणि नजर ज्या दिशेला असेल त्या बाजूला अधिक जागा सोडणे, हेही या कलेतील रूढ संकेत होत.

दुसरे अंग अर्थाचे. ५ मार्च १९६० रोजी हवाना येथील एका शोकसभेत आल्बेर्तो कोर्दा यांनी चे गेव्हारा यांचे छायाचित्र टिपले. मूळ चौकटीत एका बाजूला दुसऱ्या एका गृहस्थाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पाने होती. ती दोन्ही छाटल्यावर स्थळकाळाच्या खुणा नाहीशा झाल्या आणि एका प्रसंगाच्या चित्राचे रूपांतर जगभर ओळखल्या जाणाऱ्या प्रतिमेत झाले. येथे छाटणीने चित्राला बळ दिले.

याउलट उदाहरणही उपलब्ध आहे. जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे पाच तरुण पर्यावरण-कार्यकर्त्यांचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने प्रसृत केलेल्या प्रतीत चारच जणी दिसत होत्या. एका टोकाला उभ्या असलेल्या युगांडाच्या व्हॅनेसा नाकाते छाटणीत वगळल्या गेल्या होत्या आणि त्या पाच जणींत त्या एकट्याच आफ्रिकी होत्या. मागील इमारत रचनेत व्यत्यय आणत असल्याने तो भाग काढला, असे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढे वृत्तसंस्थेने क्षमायाचनाही केली. हेतू काहीही असो, चित्र पाहणाऱ्यास आफ्रिकेची प्रतिनिधी तेथे नव्हतीच, असे वाटले असते.

हे काम यंत्रावर सोपविल्यानेही प्रश्न सुटत नाही. पुढे ‘एक्स’ असे नामांतर झालेल्या ट्विटर या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या स्वयंचलित छाटणीची तपासणी केली. कृष्णवर्णीयांपेक्षा गौरवर्णीयांचे चेहरे राखण्याकडे तिचा काहीसा कल असल्याचे आढळले. चित्र कसे छाटावे हा निर्णय माणसांनीच घेणे योग्य, असा निष्कर्ष संस्थेने काढला.

यावरून काही साधे नियम निष्पन्न होतात. मूळ छायाचित्राला कधीही हात लावू नये. प्रत्येक उपयोगासाठी त्याची स्वतंत्र प्रत करून तीच छाटावी. प्रथम उपयोग, मग गुणोत्तर व शेवटी कड, या क्रमाने विचार करावा. छाटलेली प्रत स्वीकारण्यापूर्वी ती मूळ चित्राशेजारी ठेवून पाहावी. काढलेल्या भागामुळे प्रसंगाचा अर्थ पालटत असेल, तर ती छाटणी कितीही सुबक असली तरी टाकून द्यावी व चौकट पुन्हा आखावी.