पोटातली तालीम

ताडाची नीरा पहाटे उतरवली की गोड लागते. तीच मडक्यात राहिली आणि ऊन चढले, की फसफसू लागते. तिची ताडी होते. हे कोण करते? डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव करतात. त्यांना यीस्ट म्हणतात. पावाचे पीठ फुगते ते यीस्टमुळेच. म्हणून तर गोव्याचे पाववाले पूर्वी पिठात ताडी घालीत.

यीस्ट ही बुरशीचीच एक जात आहे. ती फार लहान असते. सुमारे २०० यीस्ट एका ओळीत ठेवली, तर ती ओळ जेमतेम १ मिलीमीटर भरेल. म्हणजे खसखशीच्या एका दाण्याएवढी!

असे यीस्ट आपल्या अंगातही राहते. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात कॅन्डिडा नावाचे यीस्ट असते. हे ऐकून किळस वाटेल, भीतीही वाटेल. पण भिण्याचे कारण नाही. एरवी ते काही त्रास देत नाही. उलट आपल्या शरीराला ते एक विद्या शिकवते. कोणती, ते आपण पाहू.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. रोगाचे जंतू आत शिरले की त्या त्यांच्याशी लढतात. पण राखणदार नवखा असला तर काय उपयोग? चोर कसा ओळखावा, त्याला कसे धरावे, हे त्याला शिकावे लागते.

पैलवान कसा तयार होतो? तालमीत तो रोज जोडीदाराशी लढतो. जोडीदार काही त्याचा वैरी नसतो. पण त्याच्याशी झटून अंगात बळ येते, डाव कळतात. मग जत्रेच्या फडात पैलवान कमी पडत नाही. आपल्या आतड्यातले यीस्ट हे असेच जोडीदार आहे. राखणदार पेशी त्याच्याशी रोज थोडे थोडे झटतात आणि तयार राहतात.

ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेत सिनसिनाटी शहरातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. काही उंदरांच्या आतड्यात त्यांनी कॅन्डिडा वाढू दिले. मग उंदरांच्या रक्तात दुसरेच जंतू सोडले. हे जंतू गळवे करतात, रक्तही नासवतात. ज्या उंदरांच्या पोटात यीस्ट होते, ते या जंतूंपुढे अधिक टिकले. २०२१ साली न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आतड्यातल्या यीस्टमुळे रक्तात त्याच्याविरुद्ध औषधासारखे पदार्थ तयार होतात. पुढे कधी यीस्ट रक्तात शिरलेच, तर ते पदार्थ त्याला अडवतात.

पण तालीम झालेला गडी कधी कधी उगाच हात उगारतो, तसेही इथे घडते. भिजून कुजलेल्या कडब्यावर एक बुरशी धरते. तिची धूळ श्वासाबरोबर छातीत जाते. यीस्टवर शिकलेल्या पेशी या बुरशीलाही ओळखतात. हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना माणसांच्या रक्तात दिसले. दम्यासारखा छातीचा आजार असला, तर ही लढाई जास्त होऊन छातीलाच त्रास होऊ शकतो. म्हणून दमेकऱ्याने असला कडबा झाडू नये.

आणि राखणदारच दुबळे झाले तर? मग गरीब जोडीदारही डोक्यावर बसतो. मधुमेह फार वाढला, किंवा एच.आय.व्ही.ची लागण होऊन पांढऱ्या पेशी कमी झाल्या, की यीस्ट माजते. तोंडात दह्यासारखा पांढरा थर येतो. तान्ह्या बाळाचे राखणदार अजून शिकत असतात. म्हणून बाळाच्या तोंडातही कधी असा थर दिसतो. दुधाचा थर पुसला की जातो. हा सहज जात नाही. असे दिसले तर बाळाला दवाखान्यात दाखवावे. बोटाने खरवडू नये.

यीस्ट माजण्याचे आणखी एक कारण आपल्याच हातात आहे. आतड्यात यीस्टच्या शेजारी दुसरेही चांगले जंतू राहतात. ते यीस्टला पसरू देत नाहीत. अँटिबायोटिक गोळ्या या जंतूंना मारतात, पण यीस्टला मारत नाहीत. शेजारी गेले की यीस्टला रान मोकळे! साध्या सर्दीपडशावर तर या गोळ्यांचा उपयोगच होत नाही. म्हणून दुकानातून आपल्या मनाने त्या आणू नयेत. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. मात्र डॉक्टरांनी दिल्या, तर ते सांगतील तशाच आणि तितके दिवस घ्याव्यात.

शेतातला प्रत्येक किडा पिकाचा वैरी नसतो, हे आपण जाणतो. अंगातल्या जीवांचेही तसेच आहे. सगळ्यांना मारणे हे आरोग्य नव्हे. राखणदार बळकट आणि जोडीदार आपल्या जागी, हे आरोग्य.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा :
१. यीस्टला तालमीतला जोडीदार का म्हटले आहे?
२. दमेकऱ्याने कुजका कडबा का झाडू नये?
३. आपल्या घरात डॉक्टरांना न विचारता आणलेल्या गोळ्या आहेत का?