आपबीती सांगावी कशी?

गावात सभा भरते. पाण्याचा प्रश्न निघतो. एकजण उठतो आणि म्हणतो, "पाण्याची फार टंचाई आहे. नवी विहीर झाली पाहिजे." लोक मान हलवतात आणि गप्प बसतात.

मग एक बाई उठते. ती म्हणते, "मी पहाटे ओढ्यावर जाते. दोन हंडे आणीपर्यंत ऊन चढतं. काल धाकटी पोर तापानं फणफणली होती. तिला घरी एकटी ठेवून मला पाण्याला जावं लागलं." आता सगळे तिच्याकडे बघू लागतात.

दोघांचं मागणं एकच. पण बाईचं बोलणं काळजाला लागलं. असं का झालं? तिनं स्वतःवर आलेलं सांगितलं, म्हणून. ऐकणाऱ्याला आपलं घर, आपली पोर आठवली.

आता आपण एक खरी हकीकत पाहू.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली झाला. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं, पण ते दहा दिवसांतच गेलं. पुढं त्यांनी अमेरिकेत जाऊन डॉक्टर व्हायचं ठरवलं. लोक खवळले. बाईमाणूस, आणि समुद्रापलीकडे एकटी जाणार!

तेव्हा त्या बंगालमध्ये सेरामपूरला राहत होत्या. १८८३ साली तिथल्या कॉलेजात त्या भाषणाला उभ्या राहिल्या. वय अवघं सतरा. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. लोक विचारत तेच प्रश्न घेतले. इथं शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीनं वाळीत टाकलं तर? एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं.

उत्तर देताना आपबीतीही सांगितली. मुंबईत पुस्तकं घेऊन शाळेला जाताना लोक खिडकीतून डोकावत. कोणी गाडी थांबवून बघे. पुढं बंगालमध्ये बाहेर पडलं की माणसं भोवती जमून हसत. कोणी खडे मारी, कोणी थुंके. हे त्यांनी न रडता, साध्या शब्दांत सांगितलं. मग मुद्दा मांडला : या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरापुढं जायला बायका लाजतात. म्हणून मी शिकायला जाते.

भाषणाची बातमी पसरली. मदत येऊ लागली. त्याच वर्षी त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. दुर्दैवानं १८८७ साली पुण्यात त्यांचं निधन झालं. पण बाईला डॉक्टर होता येतं, हे लोकांनी पाहिलं होतं.

यावरून आम्ही तीन गोष्टी सांगतो.

१. जे घडलं तेच सांगावं. मीठमसाला लावू नये. एक खोटं उघडं पडलं, की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

२. थोडक्यात सांगावं. एकच प्रसंग पुरे.

३. शेवटी काय पाहिजे ते स्पष्ट सांगावं. नुसतं रडगाणं ऐकून लोक हळहळतात आणि घरी जातात.

आणखी एक. हे हत्यार दुधारी आहे. लबाड माणूसही डोळ्यांत पाणी आणतो आणि आपला अंगठा घेतो. म्हणून ऐकताना मन मऊ ठेवावं, पण डोकं जागं ठेवावं. विचारावं : हे खरं कशावरून? हा आपल्याकडून काय मागतो? यात फायदा कोणाचा? आता आपल्याला वाचता येतं. सही करण्याआधी कागद वाचून पाहावा.

आता एवढं करा : गावाची एक अडचण निवडा. तुमच्यावर तिच्यामुळं आलेला एक प्रसंग पाच ओळींत लिहा. सहाव्या ओळीत मागणं लिहा. घरात मोठ्यानं वाचून दाखवा. मग पुढच्या सभेत उभे राहा आणि बोला.