तूस गिरणीतच सोडू नका

परळच्या भोईवाड्यात राहून गावची भातशेती सांभाळणारे आम्ही पुष्कळजण आहोत. पाऊस लागला की रजा टाकून लावणीला जायचं, कापणीला पुन्हा जायचं. माझी खाचरं राजापूर तालुक्यात, जांभ्याच्या जमिनीत आहेत. तिथं सिलिकॉनविषयी जे शिकलो ते माझ्यासारख्या चाकरमान्यांसाठी लिहितो.

१. भात सिलिकॉन खातं, तेही नत्रापेक्षा जास्त. वाळलेल्या पेंढ्याच्या वजनात सुमारे १० टक्के सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साइड असतं. ती पानाच्या सालीखाली थर धरते. त्या थराने पात ताठ राहते आणि करप्याला, खोडकिड्याला आत शिरणं अवघड जातं. बेणताना पातीच्या धारेने बोटं चिरतात, तीही सिलिकेमुळेच.

२. वाळू म्हणजे भाताचं अन्न नव्हे. वाळूत सिलिका भरपूर, पण ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मुळं घेतात ते विरघळलेलं सिलिसिक आम्ल. ते आत घेणारं जनुक जपानमध्ये शास्त्रज्ञ जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ साली शोधलं. कोकणातल्या पावसाने जांभ्यातली सिलिका युगानुयुगं धुऊन नेली आणि मागे लोह, ॲल्युमिनियम उरलं. म्हणून आपल्याकडे ती बाहेरून द्यावी लागते.

३. तुसाची राख दाढीत, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यात घाला. शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या ‘चारसूत्री’ भातशेती पद्धतीचं पहिलंच सूत्र भाताचे अवशेष शेतात परत देण्याचं आहे. दाढीच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख पेरणीआधी वरच्या थरात मिसळायची. रोपं कणखर होतात आणि उपटायलाही सोपी जातात.

४. राख काळी हवी. तूस धुमसत जळू द्या. फार तापून पांढरी झालेली राख कमी विरघळते, त्यामुळे रोपाला तिचा उपयोग कमी.

५. पेंढा शेताचाच आहे. गुरांनी खाल्ला तर शेणखतातून परत येतो. उरलेला पहिल्या नांगरटीला जमिनीत गाडावा. विकला तर सिलिका आणि पालाश दोन्ही शेताबाहेर जातात.

६. युरियाचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पात लुसलुशीत वाढते, तिच्यातलं सिलिकॉनचं प्रमाण घटतं, करपा येतो आणि लोंब्या भरल्यावर पीक लोळतं. चारसूत्रीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला आणि चिखलात खोचायच्या युरिया-डीएपी ब्रिकेट आहेत, त्यांनी नत्र कमी वाया जातं.

७. चुन्याकडून सिलिकॉनची अपेक्षा नको. चुना आम्लता कमी करतो, सिलिकॉन देत नाही. जपानने १९५५ मध्ये पोलाद कारखान्यांच्या धातुमळीला सिलिकेट खत म्हणून मान्यता दिली. त्या मळीत कॅल्शियमबरोबर विरघळणारी सिलिकाही असते. आपल्या लहान खाचरांना मात्र गावातल्या गिरणीचं तूस पुरेसं आहे.

भात भरडून तांदळाची पोती मुंबईला आणताना तूस गिरणीतच राहतं. भाताच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तूसच असतं. यंदा ते मागून घ्या, कोरड्या जागी साठवा आणि मे महिन्यात त्याची राख करून दाढीत मिसळा. शेत भावकीच्या हाती असेल तर त्यांना आजच फोन करून हे सांगा.