गाडीचे तेल कुठे जाते?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक काकी येतात. त्यांच्या घरी जुनी पांढरी ॲम्बॅसडर गाडी आहे. काका ती भाड्याने चालवतात. या गाड्यांचा कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला होता. २०१४ साली तिथे गाड्या निघणे बंद झाले. काकांची गाडी मात्र अजून चालते. गावात रात्री कुणी आजारी पडले, एखादी बाळंतीण अडली, तर माणसे आधी काकांच्या अंगणात येतात.

काकींना लिहिता येऊ लागले तशी त्यांनी एक वही घातली. गाडीचा जमाखर्च. एकदा ती वही त्यांनी आम्हाला दाखवली. त्यात लिहिले होते: सोमवार, तेल अर्धा लिटर. पुढच्या सोमवारी, तेल अर्धा लिटर. त्यानंतर शनिवारीच, तेल एक लिटर.

आम्ही विचारले, "काकी, हे घरातलं तेल का?"

त्या म्हणाल्या, "नाही हो गुरुजी, इंजिनाचं. गाडी तेल पिती म्हनत्यात हे."

काका म्हणत, जुनी गाडी आहे, थेंबभर गळायचेच. आणि एका रात्री घाटात, मागे पोटदुखीने तळमळणारी पोरगी बसलेली असताना, गाडीतला लाल दिवा लागला.

हा लाल दिवा कशाचा, ते नीट समजून घ्या. तेल कमी झाले की लगेच हा दिवा लागतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. इंजिनात एक पंप असतो. तो खालच्या टाकीतले तेल वर ढकलतो. तेल फार खाली गेले की पंपाला ते ओढता येत नाही. दाब पडतो, तेव्हा हा दिवा लागतो. म्हणजे त्या वेळी लोखंडावर लोखंड घासू लागलेले असते. तसेच दामटले तर इंजिन जाम होते. काकांनी तिथेच इंजिन बंद केले. डिकीत एक डबा तेल होते, ते ओतले. दिवा विझला, मग पुढे निघाले. पोरगी दवाखान्यात वेळेवर पोचली. पण काकांच्या हाताची थरथर सकाळपर्यंत गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला एका मिस्तरीने गाडी पाहिली. "रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल," तो म्हणाला. खर्च ऐकून काकी खालीच बसल्या.

रिंगा गेल्या म्हणजे तेल इंजिनाच्या आत जळते. मग सायलेन्सरमधून निळा धूर येतो. काकांच्या गाडीला मागून धूर नव्हता. धूर आणि करपल्याचा वास बॉनेटखालून येत होता. इंजिनाच्या एका अंगाला धुराची नळी असते. ती खूप तापते. तिच्यावर बाहेरून तेल ठिबकत होते. ही साधी गोष्ट नाही. तापलेल्या नळीवर तेल पडत राहिले तर आग लागू शकते.

तेल कुठून येते, हे खालचा डाग पाहून कळत नाही. तेल वरून निघते, ओघळते, वाऱ्याने मागे जाते आणि भलत्याच जागी थेंब पडतो. म्हणून आम्ही आधी डिझेलने इंजिन बाहेरून पुसून काढले. ते वाळू दिले. मग काकींनी घरातली अंगाला लावायची पावडर आणली. ती सगळीकडे भुरभुरली. गाडी थोडी फिरवून आणली. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटली. ती वरून, टॅपेट कव्हरच्या काठापासून निघाली होती.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचे पत्र्याचे लांबट झाकण. त्याच्याखाली आठ वाल्व असतात. ते सारखे उघडतात आणि मिटतात. त्यांच्या दांड्यांवर तेल उडत असते. ते बाहेर येऊ नये म्हणून झाकणाच्या काठाखाली बुचाची पट्टी बसवतात. तिला पॅकिंग म्हणतात. तुमच्या कुकरच्या झाकणात रबराची कडी असते ना? ती कडक झाली की वाफ बाजूने फुसफुसते. तशीच ही गोष्ट. वर्षानुवर्षे तापून बूच कडक होते, चिरते.

आता काकांनी काय केले होते ते ऐका. तेल दिसले की ते पाना घेऊन झाकणावरचे दोन्ही नट आवळत. दर महिन्याला. दोन दिवस गळती थांबे, मग वाढे. झाकण पातळ पत्र्याचे. नट दोनच, मधल्या ओळीत. आवळून आवळून पत्रा वाकला आणि काठ मधेमधे वर उचलला गेला. बूच दबून बाहेर आले. गळतीला वाट काकांच्या पान्यानेच मोठी करून दिली. हे आम्ही त्यांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, "आवळल्याबिगर थांबंल कसं, असं वाटायचं मला."

मग काम सुरू केले. गाडी पहाटेपासून उभी होती, इंजिन गार होते. झाकणाला हवेची एक रबरी नळी असते, ती सोडली. ही नळी तुंबली तर आतली वाफ कोंडते आणि नव्या पॅकिंगमधूनही तेल ढकलते. काकांच्या नळीत काळा चिखल होता. तो काढला. प्लगच्या वायरी बाजूला घेतल्या. दोन्ही नट काढले. झाकण चिकटले होते. त्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसायचा मोह होतो. खुपसू नका, काठ वाकतो. लाकडाच्या तुकड्याने बाजूने हळू ठोकले, तसे सुटले.

झाकण निघाले की आधी आतली भोके स्वच्छ फडक्याने झाकावी. जुन्या बुचाचा तुकडा त्यात पडला तर तो थेट तेलाच्या टाकीत जातो. मग खालचा काठ आणि झाकणाचा काठ खरडून कोरडा केला. याला आम्हाला तासभर लागला. घाई करण्याची जागा ही नव्हे. तेलकट काठावर नवे पॅकिंग बसत नाही.

झाकण उपडे करून गुळगुळीत फरशीवर ठेवले. दोन ठिकाणी खालून उजेड दिसला. तिथे लाकडावर धरून हातोडीने हलके हलके ठोकून काठ सरळ केला. पुन्हा फरशीवर, पुन्हा हातोडी. उजेड दिसेनासा झाला तेव्हा काकी म्हणाल्या, "आता बसलं."

नवे पॅकिंग झाकणालाच चिकटवावे, इंजिनाला नाही. गॅरेजवाले ज्याला शेलॅक म्हणतात तो चिकट रस झाकणाच्या काठाला लावला, पॅकिंग बसवले, फरशीवर ठेवून वर काकींचा वरवंटा ठेवला. खालची बाजू कोरडीच ठेवली. म्हणजे पुढे कधी झाकण काढायचे झाले तर पॅकिंग फाटत नाही. नटाखालचे रबरी वायसरही बदलले. तेही कडक होतात आणि तेल तिथून वर येते.

रस वाळल्यावर फडके आठवणीने काढले आणि झाकण बसवले. नट किती आवळायचे? पान्याचा दांडा एक हात लांब धरला, तर त्याच्या टोकाला सव्वा किलोचे वजन टांगावे इतकाच जोर. फार कमी वाटतो, पण तेवढाच पुरतो. थोडा एक नट, थोडा दुसरा, असे आळीपाळीने आवळले. काकांचा हात सवयीने पुढे जात होता. काकींनी तो धरला.

वायरी लावल्या, नळी लावली. गाडी सपाट जागी उभी करून तेलाची काडी पाहिली. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये होते. खुणेच्या वर भरू नये. इंजिन चालू केले, तापू दिले, काठावरून बोट फिरवले. बोट कोरडे राहिले.

सगळा खर्च दोन पॅकिंगांचा. एक काकींनी जादा घेऊन ठेवले. चार दिवसांनी बूच बसले, तेव्हा नट अगदी जरासे पुन्हा पाहून घेतले. पुसलेले तेलकट फडके विहिरीकडे नेऊ दिले नाही, भंगारवाल्याकडे दिले.

त्या रात्री काकींनी गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरले. सकाळी उठून, चहाच्या आधी, कंदील घेऊन त्या ते पाहायला गेल्या. वहीत तारीख टाकून त्यांनी लिहिले: "कागद कोरडा."