लाकडी जमिनीवर घिसाई मशीनच्या लाटा : आधी कारण शोधा

कापडाचा व्यापारी सुतारकामाच्या मशीनवर काय लिहिणार, असे काही कारागीर बंधूंना वाटेल. याचे कारण माझ्या दुकानाची माडी. माडीवर जुन्या सागवानी फळ्यांची तक्तपोशी आहे. ती घासून नवे पॉलिश करण्याचे काम एका कारागिराला दिले. त्याने ड्रमचे घिसाई मशीन भाड्याने आणले, दोन दिवस मेहनत केली आणि वर व्हार्निशचा हात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपे ऊन आले आणि साऱ्या जमिनीवर आडव्या लाटा दिसू लागल्या. कारागीर म्हणाला, पेपर खराब. पेपरवाला म्हणाला, मशीन खराब. मशीनवाला म्हणाला, हात खराब. मीही रागाच्या भरात मजुरी रोखून धरली.

शेवटी आमच्या धंद्यातील एक सवय कामी आली. रोटरी छपाईच्या कापडावर तोच डाग पुन्हा पुन्हा आला, तर आम्ही आधी दोन डागांतील अंतर मोजतो. ते ६४ सेंमी भरले तर दोष छपाईच्या स्क्रीनमध्ये आहे असे समजतो, कारण त्या स्क्रीनचा घेर साधारणपणे तेवढाच असतो. माडीवरही टेप लावली. दोन लाटांमध्ये सुमारे ३१ सेंमी अंतर होते. मशीन उलटे करून पाहिले तर मागचे चाक १० सेंमी व्यासाचे. त्याला ३.१४ ने गुणले की घेर ३१.४ सेंमी. चाकावर जुन्या व्हार्निशमध्ये भुसा चिकटून कडक गाठ बनली होती. दर फेऱ्याला मशीन त्या गाठीवर चढत होते. चाकूने खरवडताच ती गाठ निघाली.

या प्रसंगानंतर जाणत्या कारागिरांकडून जे समजले, ते येथे क्रमाने देतो.

१) समान अंतरावरील आडव्या लाटा : अंतर चाकाच्या घेराएवढे असेल तर चाक तपासा. त्यावर गाठ असते, किंवा मशीन बरेच दिवस एकाच जागी उभे राहिल्याने रबर एका बाजूला चपटे होते. लाटा अगदी जवळजवळ असतील तर दोष ड्रमकडे आहे. समजा, माणूस मिनिटाला १५ मीटर चालतो आणि ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. म्हणजे एका फेऱ्याला १ सेंमी अंतर पडते. अशा वेळी ड्रमचे रबर, बेअरिंग आणि पेपरचा जोड पाहावा. अंतर या दोहोंच्या मध्ये, म्हणजे तीन-चार सेंमी असेल, तर मोटरचा पट्टा तपासावा. पट्टा ड्रमपेक्षा सावकाश फिरतो, म्हणून त्यावरील गाठ किंवा चीर काही फेऱ्यांनी एकदा खूण उठवते.

२) जागोजागी खड्डे : हा हाताचा दोष. मशीन उभे असताना ड्रम खाली टेकवला की लाकूड तिथेच खाल्ले जाते. आधी पाऊल पुढे पडावे, मग ड्रम हळूच टेकावा. थांबण्यापूर्वी तो उचललेला असावा.

३) एका बाजूला खोल रेघ : ड्रम आणि चाके एका पातळीत नाहीत. एक चाक वर-खाली करून ती जुळवावी. एखादा खिळा वर आला असेल तर पेपर फाटूनही रेघ पडते, म्हणून सर्व खिळे आधी आत ठोकावेत.

४) भिंतीलगत चंद्रकोरीसारख्या खुणा : कडेचे मशीन तिरके धरल्याने किंवा पेपर भुशाने बुजल्याने होतात.

५) बारीक ओरखडे : ३६ नंबरच्या पेपरवरून एकदम १०० वर उडी मारली की जाड पेपरचे ओरखडे खाली राहतात. ३६, ६०, मग १०० असा क्रम ठेवावा.

६) मशीनचा जोर कमी-जास्त होणे : लांब आणि बारीक वायरवरून वीज घेतली की दाब घसरतो, ड्रम मंदावतो. वायर जाड आणि शक्य तितकी आखूड असावी.

आता कापडाची बाजू. या मशीनचा पेपर बहुधा कापडाच्या पाठीचा असतो. ताणा लांबीच्या दिशेने असतो, म्हणून त्या दिशेने तो कमी ताणला जातो. रोल आडवा कापून ड्रमवर चढवला तर सैल पडतो आणि फडफडतो. दमट भिंतीला टेकवून ठेवलेला रोलही पावसाळ्यात ढिला पडतो. पट्ट्याच्या पाठीवर बाण छापलेला असेल तर ड्रम त्याच दिशेने फिरला पाहिजे. उलट चढवला तर जोड अडकतो.

लाटा पडल्याच तर बारीक पेपर फिरवून त्या जात नाहीत. मशीनची चाके जुन्या लाटांवरूनच चालतात आणि त्याच लाटा पुन्हा उमटतात. आधी मशीन दुरुस्त करावे. मग मधल्या नंबरचा पेपर लावून लाकडाच्या रेघेला थोडे तिरके घासावे, त्यानंतर रेघेच्या दिशेने, आणि शेवटी बारीक पेपर. जमिनीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारून ठेवाव्यात. जिथे रेघ उरली, तिथे खोलगट भाग आहे. मात्र प्रत्येक घिसाईत फळीची जाडी कमी होते, हे विसरू नये.

भाड्याचे मशीन घेताना चाके, पट्टा आणि ड्रम मालकासमोर पाहावेत आणि एका जुन्या फळीवर चालवून घ्यावे. व्हार्निशपूर्वी रात्री दिवा जमिनीलगत ठेवून तिरप्या उजेडात काम तपासावे. तोंडाला कापड किंवा मास्क बांधावा. भुशाची पिशवी घराबाहेर रिकामी करावी. व्हार्निशमिश्रित भुसा आपोआप पेट घेऊ शकतो.

नंतर कारागिराने कबूल केले, की लाटा त्याला व्हार्निशपूर्वीच जाणवल्या होत्या. पॉलिशखाली झाकल्या जातील असे त्याला वाटले. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात आणि आतले धान्य ओले निघते, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. पॉलिशखालची लाट हीच गोष्ट आहे. पण चूक माझीही होती. कारण न शोधताच मी मजुरी अडवली आणि दोष सारा त्याच्या हाताला दिला. मजुरी त्याच दिवशी चुकती केली. दुसऱ्यांदा घासण्याची मेहनत त्याने घेतली, व्हार्निशचा खर्च मी सोसला आणि मशीनवाल्याने एका दिवसाचे भाडे सोडले.

ग्राहकाने मोजल्याशिवाय बोल लावू नये आणि कारागिराने ऐब झाकून काम सोपवू नये. दोघांची रोजी हलाल राहावी, यासाठी एवढे पुरे आहे.